यादीत खरं नाव लिहा

नमस्कार श्रोतेहो. उद्या १ ऑगस्ट. ६१ दिवसांची मासेमारी बंदी आज संपतेय. जेट्टीवर बर्फ, डिझेल, शिधा चढतोय. बंदीतही हॉटेलात जाऊन ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्यांचा मला फार राग येतो. माशाला अंडी घालायला दोन महिने तरी द्या! असो. आज बोलायचंय खलाशांबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या बंदरातल्या एका ट्रॉलरवर जाळं ओढताना एका नेपाळी पोराचा हात विंचच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरात सापडला. दोन बोटं गेली. तांडेलानं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, लुंगी फाडून हात करकचून बांधला. किनारा गाठायला सात तास लागले. मी दवाखान्यात गेलो, तर केसपेपरवर नाव होतं ‘बहादूर’. भरपाई मागायची, तर तो त्या बोटीवर कामाला होता हे आधी दाखवायला हवं. मालक म्हणाला, माझ्याकडे कागद नाही. तांडेलाकडे मात्र खलाशांच्या कमाईतल्या वाट्यांच्या हिशेबाची वही होती, खाऱ्या पाण्यानं फुगलेली. त्यानं पान उघडलं. बहादूर एक, बहादूर दोन, बहादूर तीन. चार हंगाम एका टोपातला भात खाल्लेली माणसं, पण पोराचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तांडेल खाटेवर बसला, म्हणाला, “बाळा, तुझं नाव काय रे?” पोरानं सांगितलं. तांडेलानं ‘बहादूर दोन’च्या पुढे ते लिहिलं, खाली सही केली आणि वही घेऊन मालकाच्या दारात उभा राहिला. पैसे मिळाले, पण दीड वर्षानं.

आता कायदा. जहाजांवरच्या नाविकांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला, पण त्यात मासेमारी बोटी नाहीत. मच्छीमारांचा करार वेगळा, २००७ चा, क्रमांक १८८. प्रत्येकाशी लेखी करार करा, खलाशांची यादी किनाऱ्यावर द्या, असं तो सांगतो. तो आपण अजून स्वीकारलेला नाही. स्वीकारायलाच हवा.

पण यादी करायला कुणी अडवलंय? तांडेलांनो, खरं नाव, गाव, घरचा फोन. पुन्हा सांगतो: खरं नाव, गाव, घरचा फोन. दोन प्रती काढा, एक बोटीवर, एक किनाऱ्यावर. गट अपघात विम्यात कोणाची नोंद राहिलीय, तेही मत्स्य विभागात विचारा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख मिळतात, हप्ता सरकार भरतं.

एवढं झालं की मग नारळ वाढवा.