कानावरचा नंबर

(दृश्य: अंगठ्याने वर सरकवलेला सशाचा ओठ)

न्यूझीलंड व्हाइट जातीचं, दहा आठवड्यांचं पिल्लू. खालचे पटाशीचे दात बघा, वरच्या दातांच्या पुढून बाहेर आलेत. निकोप सशात ते मागे असतात. वरच्या मोठ्या दातांच्या आड आणखी दोन बारीक दात असतात, त्यांच्यावर ते टेकतात आणि घासून झिजत राहतात. हे झिजणं थांबून चालत नाही, कारण सशाचा दात आयुष्यभर वाढतो, आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर. झीज नसली की वरचे दात तोंडात वळतात आणि खालचे नाकाकडे निघतात. मग चारा तोडता येत नाही, वजन ढासळतं, ससा उपाशी मरतो.

(दृश्य: टेबलावर कटर)

हा कटर वापरू नका. त्याने दात उभा चिरतो, आणि चीर मुळापर्यंत गेली की जबड्यात पू होतो. पशुवैद्य फिरत्या यंत्राने दात घासून आखूड करतात, पण तेही काही आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं. आणि दात कापून नर पैदाशीसाठी विकणं ही उघड फसवणूक आहे. दात आखूड झाले तरी रक्तातला दोष तसाच राहतो.

प्रत्येक वाकडा दात मात्र रक्तातला नसतो. ससा पिंजऱ्याची तार ओढतो, एखादा दात मोडतो आणि त्याच्यासमोरचा वाढत सुटतो. हे कोणत्याही वयात होतं आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला दिसतं. वंशातल्या दोषात वरचा जबडाच आखूड असतो. तो तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यात कळू लागतो. म्हणून तीनदा ओठ उचलायचा: आईपासून तोडताना, दहाव्या आठवड्यात आणि पैदाशीला लावण्याआधी.

(दृश्य: पिंजऱ्यांची रांग, मग उघडी वही)

हा दोष पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. असं एक पिल्लू निघालं म्हणजे दोघांच्याही अंगात दोष आहे, त्यांचे स्वतःचे दात कितीही सरळ असोत. त्याच्या निकोप दिसणाऱ्या दर तीन भावंडांमागे सरासरी दोघं दोष वाहतात. आणि अशा जोडीचं 8 पिल्लांचं वेत पूर्ण निकोप निघण्याची शक्यताही दहात एक असते. म्हणूनच ‘मागचं वेत चांगलं होतं’ यावर विसंबू नये.

म्हणून कोणतं पिल्लू कोणाचं, हे वहीत लिहून ठेवायचं. ही वही बिघडते ती दोन जागी. पहिली जागा म्हणजे मादी नराला लावताना. मादी नराच्या पिंजऱ्यात नेली, नराने दाद दिली नाही, म्हणून त्याच दिवशी दुसऱ्या नराला लावली. 31 दिवसांनी पिल्लं झाली, पण बाप कोण? त्या वेताची नोंद वाया गेली.

(दृश्य: घरट्याची पेटी, लव बाजूला सारणारी बोटं)

दुसरी जागा ही पेटी. एका मादीला 11 पिल्लं, शेजारणीला 4. जास्तीची तीन उचलून तिकडे ठेवायची. ते योग्यच आहे, पण ठेवण्याआधी कानात मार्करने खूण हवी. शाई पुसट होते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा लावायची. आईपासून तोडताना नंबराचं गोंदण करायचं. कानाच्या आतल्या बाजूला, मोठ्या शिरा टाळून नंबराच्या सुयांचा चिमटा दाबायचा आणि टोचलेल्या ठिकाणी शाई चोळायची. कान उजेडासमोर धरला की शिरा स्पष्ट दिसतात, हे बघा.

(दृश्य: वहीत दोन नंबरांभोवती गोल)

आता हा नर. भाऊ दोषी, पण बांधा उत्तम, म्हणून त्याला ठेवायचं की नाही हा प्रश्न. वंशातला दोष जिच्या दातांत दिसतो अशा मादीला त्याला लावायचं. तिचे दात पशुवैद्याकडून घासून घेतलेले असावेत आणि चारा बारीक कापून द्यावा. लागोपाठ 7 पिल्लं निकोप निघाली, तर नर दोष वाहत असण्याची शक्यता बरीच कमी होते. पण दोन्हीकडून दोष मिळूनही काहींच्या दातांवर तो उमटत नाही, म्हणून 7 वर थांबू नका, दोन वेतं पूर्ण घ्या. तशी मादी नसेल, तर जिने असं पिल्लू दिलंय तिला लावा. तिथे मात्र 16 पिल्लंही कमीच, 20 च्या पुढे जावं लागतं.

या चाचणीची पिल्लं पैदाशीला द्यायची नाहीत. ती मांसासाठी जातात.

एक सावधगिरी पायांबाबत. मागचे पाय फाकलेलं पिल्लू दिसलं की लगेच वंशावर खापर फोडू नका. आधी पेटीचा तळ बघा. गुळगुळीत पत्र्यावर पाय घसरून निकोप पिल्लाचेही पाय फाकतात.

(दृश्य: चाचणीचं दुसरं वेत, दहावा आठवडा)

पहिल्या वेतात 7 निकोप. या वेतात आतापर्यंत 5. हे सहावं. ओठ वर. खालचे दात पुढे आहेत.

(दृश्य: वहीत नराच्या नंबरावर आडवी रेघ)