व्हॉल्व्ह गेला, की सॉकेट?

(दृश्य : धानाच्या बांध्या, खडबडीत रस्ता, नाटक कंपनीची गाडी)

दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम लागतो. आज या गावात मंडई म्हणजे जत्रा, उद्या त्या गावात शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि दोन्हीकडे रात्रभर नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं ठाणं. पहाटे सामान गाडीत चढतं आणि पुढचं गाव गाठतं. नटांना वाटेत डुलकी तरी काढता येते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, अँप्लिफायरला मात्र प्रत्येक खड्डा सोसावा लागतो.

(दृश्य : दुकानातलं टेबल, मागून उघडलेला गिटारचा अँप)

यात पाच व्हॉल्व्ह आहेत. तीन छोटे, १२एएक्स७, गिटारचा नाजूक सिग्नल वाढवणारे. दोन मोठे, ६एल६जीसी, स्पीकरला ताकद देणारे. वाजवणाऱ्या पोराची तक्रार अशी, की आवाज बसलाय, आणि स्टेजवर कोणी पाय आपटला तरी अँप टणटणतो.

“पाचही बदलून टाका जी.”

“काहून? पाचही एकदम गेले का बापा?”

व्हॉल्व्ह हातानं काढता-घालता येतो, म्हणून आळही आधी त्याच्यावरच येतो. एके काळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची. आता नवे येतात ते रशिया, स्लोव्हाकिया, नाही तर चीनहून. उगाच बदलत सुटणं परवडत नाही.

अँप चालू ठेवून मेकॅनिक लाकडी पेन्सिलीनं छोट्या व्हॉल्व्हवर एकेक टिचकी मारतो. थोडा टप्प आवाज येणारच. इनपुटजवळच्या पहिल्याचा जरा जास्त, कारण तिथला आवाज पुढे वाढतच जातो. पण इथे टिचकीनंतर घंटेसारखी गुंज रेंगाळते. आतले भाग सैल झाले की व्हॉल्व्ह स्वतःच माइक होतो. तेवढा एक बदलला, टणटण थांबली. १२एएक्स७ला पुन्हा काही सेट करावं लागत नाही.

(दृश्य : खोलीतला दिवा बंद, मोठे व्हॉल्व्ह जवळून)

काचेवरच्या निळसर झाकेला पुष्कळ जण घाबरतात. ती बहुधा निरुपद्रवी असते. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधी पांढरा पडला, तर मात्र आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. इथे डाग शाबूत आहे. पण उजवीकडच्या व्हॉल्व्हमधली राखाडी धातूची प्लेट तापून लाल होऊ लागली आहे. तो लगेच स्विच पाडतो.

आणि आता खरी गंमत. नवा व्हॉल्व्ह घालायच्या ऐवजी तो दोघांची जागा बदलतो. लाली डावीकडे गेली, तर दोष व्हॉल्व्हचा. उजवीकडेच राहिली, तर दोष खाली, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो त्या सॉकेटमध्ये किंवा सर्किटमध्ये. अँप पुन्हा चालू. लाल होतो उजवीकडचाच.

चेसिस उलटं करताना घाई नको. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. तो रेझिस्टर लावून उतरवायचा, मीटरवर शून्य बघायचं, मगच हात घालायचा. सॉकेटमध्ये पाचव्या पिनेची पकड ढिली निघते. ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी; तिचं निगेटिव्ह व्होल्टेज याच पिनेवर येतं. ते तुटलं की करंट मोकाट सुटतो आणि प्लेट तापते. पकड आवळली, लाली गेली.

तरी आवाज बसलेलाच. मोजल्यावर एक व्हॉल्व्ह ४६ मिलिअँप ओढतो, दुसरा जेमतेम २५. म्हणजे एक थकलेला आहेच. इथे जुळवलेली, म्हणजे सारखाच करंट ओढणारी, नवी जोडी लागते, आणि बायस, म्हणजे ग्रिडचं ते निगेटिव्ह व्होल्टेजही नव्यानं लावावं लागतं. ६एल६जीसीच्या प्लेटची मर्यादा ३० वॅट. सुरक्षित राहायला तिच्या सत्तर टक्केच धरायचे, म्हणजे २१ वॅट. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील, तर प्रत्येकी ५० मिलिअँप ही वरची हद्द. मेकॅनिक ४०वरच थांबतो. गावोगावच्या जनरेटरवर व्होल्टेज कधी चढेल, याचा नेम नसतो.

“स्पीकरची वायर काढून अँप चालू करू नोको. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. अन् थंड झाल्याशिवाय गाडीत घालू नोको.”

“पहाटे कोणी थांबत नाही ना जी.”

“मंग अँप सगळ्यात शेवटी चढव.”

काढलेल्यांपैकी ४६वाला तो कागदात गुंडाळतो, वर आकडा लिहितो आणि पोराकडेच देतो. हंगामात मधेच नव्या जोडीवर संशय आला, तर पडताळून बघायला तो कामी येईल.