पोविस कॅसल: वेल्सची बाग आणि टिपूचा तंबू

वेल्समधल्या वेल्शपूल गावाजवळ, कड्याच्या माथ्यावर हा तांबूस दगडाचा गड उभा आहे. पोविस कॅसल. तेराव्या शतकात वेल्श राजघराण्याने बांधलेला. १५८७ मध्ये हर्बर्ट घराण्याने तो विकत घेतला आणि गडाचा राहता वाडा झाला. बुरूज तसेच राहिले. आत मात्र लांबलचक दालनं आली, नक्षीदार छतं आली.

गडाखाली रान आणि घसारा बघायची आपल्याला सवय. इथे कड्याच्या पोटातच बाग आहे! सतराव्या शतकाच्या अखेरीला खडक फोडून, इटलीतल्या बागांच्या धर्तीवर, एकाखाली एक असे लांब टप्पे काढले. मागे विटांची उंच भिंत, पुढे कठडा, आणि एका कठड्यावर नाचणाऱ्या मेंढपाळांचे शिशाचे पुतळे. भिंतीत दिवसभर ऊन मुरतं. म्हणून या गारठ्यात एरवी न तगणारी झाडंही इथे फुलतात.

वरच्या टप्प्यावर नजर अडते ती यू नावाच्या सदाहरित झाडांवर. लावली तेव्हा ती आटोपशीर, टोकदार होती. अठराव्या शतकात आखीवरेखीव बागांची हौस ओसरली, छाटणी सुटली आणि झाडं मनसोक्त वाढली. पुन्हा कात्री लागली तोवर मूळ आकार हरवला होता. आज ती भिंतीवरून खाली ओघळलेल्या हिरव्या ढगांसारखी दिसतात. जवळ जाऊन बघा. पान बारीक, चपटं, काळपट हिरवं. आणि वीण इतकी दाट की आतली फांदी दिसत नाही. दर वर्षी माळी यांत्रिक पाळण्यात उभे राहून ही झाडं कातरतात. कित्येक आठवडे हेच काम चालतं.

खालच्या अंगाला सफरचंद-नासपतीची झाडं आहेत. ही बाग या घराण्याची सून काउंटेस व्हायोलेट हिची. १९११ मध्ये तिने बागेचा कारभार हाती घेतला, भाजीपाल्याचे वाफे हलवले आणि त्या जागी ही बाग फुलवली.

आता वाड्यात चला.

१७८४ मध्ये हर्बर्टांची लेक हेन्रिएटा आणि एडवर्ड क्लाइव्ह यांचं लग्न झालं. एडवर्ड म्हणजे प्लासीच्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. भारतात कमावलेल्या क्लाइव्हच्या पैशातून या जुन्या वाड्याची डागडुजी झाली. १७९८ मध्ये एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर झाला. पुढच्याच वर्षी, ४ मे १७९९ रोजी, श्रीरंगपट्टण पडलं. टिपू सुलतान लढता लढता मारला गेला आणि शहर लुटलं गेलं. त्याच्या सिंहासनाचे तुकडे करून वाटणी झाली. त्यातलं सोन्याचं, माणकं-हिरे-पाचू जडवलेलं एक वाघाचं मुंडकं हेन्रिएटाला भेट मिळालं. ते या वाड्यातल्या क्लाइव्ह संग्रहालयात आहे.

माझ्या मते इथली सर्वांत मोलाची वस्तू मात्र सोन्याची नाही. ती सुती आहे. टिपूचा तंबू! पांढऱ्या छिटावर कमानी, कमानीत फुलदाण्या, फुलदाण्यांतून वर आलेली लाल फुलं आणि हिरवी पानं. फिरत्या छावणीत आपली बाग सोबत असावी, म्हणून कुणा कारागिरांनी ती कापडावर उतरवली. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. आणि हाच तंबू पुढे पोविसच्या बागेत उभारला जायचा, मेजवान्यांना आलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावर सावली म्हणून.

हे समजल्यावर हिरवळीकडे आधीच्या नजरेने बघता येत नाही. बाग सुंदर आहेच; पिढ्यान्‌पिढ्या माळ्यांनी तिच्यासाठी हाडाची काडं केली आहेत. पण लुटीतला हा तंबू त्याच हिरवळीवर ताणला जायचा, हेही तिच्या इतिहासात लिहिलं गेलंच पाहिजे. १९५२ पासून पोविस नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या ताब्यात आहे. वसाहतींशी आपल्या वास्तूंचे संबंध काय होते, याचा अहवाल ट्रस्टने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पोविसचं नाव आहे.

वेल्शपूल स्टेशनात उतरून चालतही इथे पोहोचता येतं. बहुतेक पाहुणे आधी बागेकडे वळतात. तुम्ही आधी संग्रहालय बघा, कनातीवरची फुलं डोळे भरून बघा आणि मग टप्प्याटप्प्याने बाग उतरा.