मिचक्या, मॉनिटर आणि लग्नातला ग्रुप फोटो

नमस्कार मंडळी. आज फोटोग्राफीबद्दल बोलायचंय, पण सगळ्या नाही, शाळेतल्या मित्राच्या लग्नात फोटो काढायचं काम आपल्या गळ्यात पडतं ना, तेवढ्याबद्दलच. "तुझ्याकडे चांगला कॅमेरा आहे, मग तूच काढ की" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना लगेच कळलं असेल.

पहिली गोष्ट, मित्राला आधीच विचारून घ्या, बाबा रे, मी पाहुणा का फोटोग्राफर? दोन्ही एकदम होत नाही. परत सांगतो, दोन्ही एकदम होत नाही. जुनी गँग कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलेली असते, हाका मारत असते, तुम्ही दोन मिनिटं म्हणून टेकता आणि तिकडे मुख्य विधी उरकतो. आणि पैसे देऊन ठरवलेला फोटोग्राफर असेल तर मात्र सरळ पाहुणे व्हा, त्याच्या समोर आडवे जाऊ नका. बरोब्बर महत्त्वाच्या क्षणी पाच-पंचवीस हात मोबाईल घेऊन वर जातात आणि नवरानवरीच्या जागी हातच दिसतात, तो व्हिडिओ नंतर कोण बघतं हो? कोणी नाही. लग्नाला आलायत ना, मग डोळ्यांनी बघा की. असो.

शाळेतला मित्र असण्याचा फायदा मोठा आहे. त्याचं खरं हसू कुठलं आणि सरांसमोरचं हसू कुठलं हे तुम्हाला माहीत असतं. त्याची आई कधी रडणार, कुठला भाऊ कुठल्या भावाशी बोलत नाही, हेही. बाहेरच्याला हे सांगावं लागतं. सासरकडची माणसं मात्र तुम्हालाही अनोळखी, म्हणून तिकडचं एखादं चुणचुणीत माणूस मदतीला घ्या, कोण कोणाचं कोण ते सांगायला.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. हॉलमध्ये उजेड कमीच असतो, आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो त्याचा आकडा, तो वाढवायला घाबरू नका, फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला फोटो चालत नाही. फ्लॅश तोंडावर मारायचा नाही, छत पांढरं असेल तर छताकडे वळवायचा, उजेड वरून पसरून येतो. छत रंगीत असेल तर तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर येणार, मग ते करू नका.

आता खरी गोष्ट. ग्रुप फोटो.

आमच्या वर्गात एकजण होता, त्याला सगळे मिचक्या म्हणायचे, खरं नाव सांगत नाही, ऐकत असेल. पाचवीपासून दहावीपर्यंत दरवर्षीच्या वर्गाच्या फोटोत त्याचे डोळे बंद. एकही वर्ष सुटलं नाही. तेव्हा फोटो मैदानात निघायचे, तोंड उन्हाकडे करून सगळ्यांना उभं करायचे, तर याचे डोळे मिटणारच. आणि आमचा मॉनिटर, तो दर फोटोत मधोमध, छाती पुढे, डोळे टक्क उघडे, आणि फोटो हातात आला की पहिलं काम म्हणजे मिचक्याला चिडवणं.

तर लग्न या मिचक्याचं. आदल्या रात्री त्याचा फोन, लग्नाचं काही नाही, "अरे, निदान एका फोटोत तरी माझे डोळे उघडे येऊ देत, तिच्या घरी लावायचाय."

मी म्हटलं काळजी करू नकोस, गणित आहे माझ्याकडे. आणि खरंच आहे बरं का. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या दोघांनी हिशेब मांडलाय की ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे यावेत तर किती फोटो काढायचे, आणि त्याबद्दल त्यांना 2006 साली इग नोबेल मिळालं, ते गमतीचं नोबेल. हिशेब सोपा आहे. वीसच्या आतली माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांना तीनने भागा, कमी उजेडात दोनने. म्हणजे पंधरा माणसं असतील तर चांगल्या उजेडात पाच फोटो, कमी उजेडात सात-आठ. लक्षात ठेवा, चांगला उजेड तीन, कमी उजेड दोन. पन्नासच्या आसपास माणसं झाली की आशा सोडा.

लग्न लागलं, वर्गातली सगळी टोळी एकत्र आली, दोन रांगा केल्या. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, ते जरा लहान, एफ आठवर ठेवलं, नाहीतर मागची रांग धूसर येते. फ्लॅश लावून हिशेबाने फोटो काढले. स्क्रीनवर मोठं करून बघतो तर सगळ्यांचे डोळे आलटूनपालटून उघडे, कुठल्या ना कुठल्या फोटोत प्रत्येकजण ठीक, मिचक्या मात्र प्रत्येक फोटोत झोपलेला. मॉनिटर मागून वाकून बघतोय आणि हसतोय.

इथे गणित चालत नाही, कारण गणितात डोळे योगायोगाने मिटतात. मिचक्याचा योगायोग नव्हता. आजकालचा फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे उजेड आपोआप ठरवण्यावर असला ना, की खरा झोत टाकायच्या आधी एक बारीक झोत टाकतो, किती उजेड लागेल ते मोजायला. दोन्ही इतके लागोपाठ येतात की आपल्याला एकच वाटतो. पण काहींच्या पापण्या फार चपळ, पहिल्याला त्या मिटायला लागतात आणि दुसरा येतो तेव्हा बरोबर बंद. मग मी फ्लॅश मॅन्युअलवर टाकला, पॉवर हाताने लावली, आता आधीचा झोत नाही, एकच. आणि सगळ्यांना सांगितलं, डोळे मिटा, तीन म्हटलं की उघडा.

एक, दोन, तीन, क्लिक. मिचक्याचे डोळे उघडे! पण कसे, तर गणिताचा पेपर हातात पडल्यासारखे. बुबुळं बाहेर, नवरी त्याच्याकडे बघून घाबरलेली.

मग मी मोठ्याने म्हटलं, "झालं, थँक्यू, सुटलात!" सगळ्यांनी श्वास सोडला, खांदे पडले, कोणीतरी काहीतरी बोललं, मिचक्या मान मागे टाकून हसला, आणि मी तेव्हा बटण दाबलं, कॅमेरा खाली घेतलाच नव्हता. त्याचे डोळे उघडे, हसरे, नवरी त्याच्याकडे बघतेय, एक नंबर फोटो. आणि मधोमध, छाती पुढे, मॉनिटर. डोळे बंद.

तोच फोटो मिचक्याने मोठा करून भिंतीवर लावलाय. मॉनिटर अजून मला म्हणतो, दुसऱ्या फोटोतले माझे डोळे काढून त्यात बसव, सॉफ्टवेअरमध्ये होतं ना. होतं, पण मी करत नाही. लोकांची तोंडं इकडून तिकडे चिकटवायची मग फोटो काढायचा कशाला, चित्रच काढा. मिचक्यालाही तो तसाच हवाय, का ते सांगायला नको.

वेळ संपत आलीय, लेन्सबद्दल बोलायचं होतं ते राहिलंच. एकच सांगतो आणि थांबतो. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीवर एकदम सेव्ह होऊ द्या. घरी आल्यावर कितीही दमला असलात तरी फोटो त्याच रात्री कॉपी करा, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. दोन ठिकाणी. मग उघडून बघायचं, फोटो नीट दिसतायत ना, आणि मगच झोपायचं. नमस्कार.