मुलांना काय सांगायचं?

नमस्कार श्रोतेहो.

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर एक प्रकार नेहमी दिसतो. तपासणी झाली की नवरा बायकोला बाकावर बसवतो, ‘चिठ्ठी राहिली आत’ म्हणतो आणि एकटाच पुन्हा डॉक्टरांकडे जातो. ‘तिला काही बोलू नका हां डॉक्टर. पोरांना तर आम्ही काहीच सांगितलेलं नाही.’ इकडे बाकावरच्या तिला कळायचं ते कधीच कळलेलं असतं. ती मला हळूच विचारते, ‘ताई, ह्यांना झेपेल ना हो?’ रुग्णालयात समाजसेविकेचं काम करताना अशी जोडपी मी बरीच पाहिली. दोघंही एकमेकांना सांभाळत असतात, आणि त्या सांभाळण्यात दोघंही एकटी पडतात.

आज बोलायचं आहे ते तरुण घरांबद्दल. आई किंवा बाबा पस्तीस-चाळिशीतले, मुलं प्राथमिक शाळेत आणि रिपोर्टवर चौथी स्टेज. चौथी स्टेज म्हणजे आजार मूळ जागेवरून हाडांत, यकृतात, फुप्फुसात किंवा आणखी कुठे पसरलेला. बहुतेक वेळा तो मुळापासून जात नाही. त्याला आवर घालणं, त्रास कमी करणं हा उपचाराचा हेतू असतो. काही प्रकारांत माणूस औषधांवर वर्षानुवर्षं काढतो, काहींत महिनेच हाती असतात. म्हणून ‘किती दिवस?’ हे शेजाऱ्याच्या मेव्हण्याला काय झालं त्यावरून ठरवू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता मुलं. आपल्याकडे वाटतं, पोरं लहान आहेत, त्यांना काय कळतंय. पण कुजबूज सुरू झाली की खेळ थांबवून कान देणारी तीच असतात. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका घरात आजीने सुनेचं ताट-भांडं वेगळं केलं होतं, कुणीतरी सांगितलं म्हणून. तिसरीतला मुलगा ते रोज बघत होता. त्याने घरी जेवणच टाकलं. खूप विचारल्यावर म्हणाला, ‘मी आईच्या ताटातलं उष्टं खाल्लं होतं. आता मला पण होणार.’ कॅन्सर उष्ट्याने, शिवण्याने, एका अंथरुणात झोपण्याने होत नाही. हे एक वाक्य त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याहून लहान मुलांच्या मनात वेगळंच असतं. आपण हट्ट केला, आईला उलट बोललो, म्हणून ती आजारी पडली असं त्यांना खरंच वाटतं. तेव्हा आजाराचं नाव घ्या. ‘बाऊ झालाय’ म्हणू नका. बाऊ त्यालाही होतो, गुडघा फुटल्यावर. कॅन्सर म्हणा. तुझ्यामुळे झालेला नाही, तुला लागणार नाही, हे सांगा. आणि रोजचं सांगा: आई बांबोळीच्या रुग्णालयात जाईल तेव्हा डबा कोण करणार, बसपर्यंत कोण सोडणार, रात्री जवळ कोण झोपणार. मुलांची निम्मी भीती इथेच असते.

मग तो प्रश्न येतोच. ‘आई मरणार?’ ‘छे, काहीतरीच!’ म्हणून उडवून लावू नका, आणि खोटं वचनही देऊ नका. ‘आजार मोठा आहे, डॉक्टर औषध देतायत, काही बदललं तर तुला आम्हीच सांगू,’ एवढं पुरतं. पुढे वाईट झालंच, तर ‘झोपली’ असं मुळीच म्हणू नका. पोरं रात्री डोळे मिटायला घाबरतात. वर्गशिक्षिकेला मात्र आधीच कल्पना द्या. गृहपाठ का राहतोय ते तिला कळायला हवं.

लपवण्याचा आणखी एक फटका बसतो तो दुखण्याला. मुलं घाबरतील म्हणून बाबा दात दाबून पडून राहतात, आणि डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं तर घरचे गोळ्या कपाटात ठेवतात, ‘सवय लागेल’ म्हणून. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्यासाठी ठरल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. शौचाला मात्र घट्ट होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा, शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही शुश्रूषा सुरुवातीपासून मिळाली ते मनाने बरे राहिले, आणि ज्यांना ती तशी मिळाली नाही त्यांच्यापेक्षा साधारण अडीच महिन्यांहून जास्त जगले.

घरातले निर्णयही आजारी माणसाला विचारून घ्या. यंदा चवथ, म्हणजे घरचा गणपती, करायची की नाही, हे भावकीने परस्पर का ठरवावं? हाडं दुखत असतानाही खुर्चीत बसून, ‘तोरिंजन त्या टोकाला, सुपारी मधे,’ असं सांगत मुलांकडून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधून घेणारी आई मी पाहिली आहे. ‘दगदग होईल’ म्हणणाऱ्या नणंदेवर ती चांगलीच उखडली होती.

राहिला पैशांचा आणि कागदांचा भाग. 2016 पासून चालू असलेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड चालू आहे ना, ते पाहून ठेवा. आणि आपला गोव्याचा कायदा विसरू नका. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक असते, निम्मी त्याची, निम्मी तिची. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलंय. त्यामुळे घर-जमिनीच्या व्यवहाराला दोघांच्याही सह्या लागतात. मुलं असतील तर आपल्या हिश्श्यातल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं, बाकीचं मुलांचं. मुखत्यारपत्र देणारा गेला की तेही संपतं, मग इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कोर्टाच्या कामाची, फेरी. ज्याला आजारच सांगितलेला नाही, त्याच्यापुढे हे कागद ठेवणार कसे? बँकेतलं वारस-नामांकन, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र ही कामं माणूस चालता-बोलता आहे तोवरच उरका. सही करताना हात थरथरायला लागला, की नोटरी शंभर प्रश्न विचारतो, आणि ते विचारणं त्याचं कामच आहे.

नमस्कार.