त्रेपन्न ऐकलं, पस्तीस लिहिलं

दुसरीचा वर्ग. बाई म्हणतात, "लिहा, त्रेपन्न." पाट्यांवर पेन्सिली करकरू लागतात. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीच्या पाटीवर उमटतं, 35.

चुकली खरी, पण तिनं ऐकलं अगदी नीट. 'त्रेपन्न' म्हणताना आधी तीन येतात, मग पन्नास. कानावर पडलं त्याच क्रमानं तिनं लिहिलं. शेजारच्या कानडीत 'ऐवत्तमूरु' म्हणतात, आधी पन्नास, मग तीन. मराठी मुलाला मात्र ऐकलेलं उलटं करून लिहावं लागतं. त्यातून एकोणपन्नास आलं की आणखी पंचाईत! ऐकू येतं पन्नास, लिहायचे चार आणि नऊ.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मुलांची ही अडचण परोपरीनं सांगत होत्या. थट्टा खूप झाली. पाटीवरच्या या 35 कडे फार थोड्यांनी पाहिलं.

या बाई "पुस ते" म्हणत नाहीत. काड्यांचा डबा पुढे करतात. दहा-दहाचे, रबर लावलेले गठ्ठे. "त्रेपन्न काड्या दे बघू." मुलगी पाच गठ्ठे उचलते, तीन सुट्ट्या काड्या घेते. मग 50 चं कार्ड, त्यातल्या शून्यावर 3 चं छोटं कार्ड. ती पाटीकडे बघते, आणि आपणहून पुसते.

हे आपणहून पुसणं फार मोलाचं. फळ्यावर वीस गणितं दिली, वह्या गोळा केल्या, दुसऱ्या दिवशी लाल फुल्या हातात पडल्या, तर तोवर मूल ते गणित विसरूनही गेलेलं असतं.

आता चौथीत येऊ. इथे वजाबाकीचा सराव चाललाय, पण फळ्यावर एकही गणित नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 6174 हा चार अंकी आकडा जगाला ठाऊक आहे. त्याचंच तीन अंकी धाकटं भावंड इथे खेळायला घेतलंय. कोणतेही तीन अंक घ्या, फक्त तिन्ही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच, फक्त 99 आलं तर ते 099 धरायचं. 532 वजा 235, 297. पुढे 693, 594, आणि 495. तिथून पुढे 495 च येत राहतं. मूल कुठूनही निघो, पोचतं तिथेच.

यातल्या प्रत्येक वजाबाकीत हातचा घ्यावा लागतो, आणि उत्तरात मधला अंक नेहमी 9 येतो. म्हणजे तपासणी मुलाच्याच हातात.

मागच्या बाकावर एकाला 307 आलंय. मध्ये शून्य. दशकातला एक सुट्ट्यांना दिला, पण दशकातून कमी करायचा राहिला. बाई तिथवर पोचायच्या आत त्यानं शेजाऱ्याकडून खोडरबर मागून घेतलंय.