मध्यखाडीत बोटीवर बल किती?

(गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, आधी प्रश्न, मग भाषण. धोपाव्याहून दाभोळला निघालेली फेरीबोट खाडीच्या मध्यावर आहे. पाणी शांत, वारा पडलेला. बोट सरळ रेषेत, एकाच वेगाने चालली आहे. तिच्यावरचं एकूण बल कुठल्या दिशेला? दाभोळकडे म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बापरे, जवळजवळ सगळेच! आणि शून्य म्हणणारे? मागच्या बाकावरच्या दोघीच. उत्तर त्यांचं बरोबर आहे.

बाकीच्यांनी खट्टू होऊ नका, तुमच्या बाजूला ॲरिस्टॉटल आहे. वस्तू चालती ठेवायची तर तिला सतत ढकलत राहावं लागतं, असं तो म्हणायचा आणि जवळजवळ दोन हजार वर्षं लोकांना ते पटत होतं. का पटू नये? वाळूवर ओढलेली होडी हात सोडल्याबरोबर थांबते. पण ती आपोआप थांबत नाही, वाळूचं घर्षण तिला थांबवतं. गॅलिलिओने हे घर्षण मनातल्या मनात काढून टाकलं. एका उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. चढ कमी केला, तर ती उंची गाठायला लांबवर जाते. मग चढ पार सपाटच केला तर? गोळीला थांबायला कारणच उरत नाही. न्यूटनने १६८७ साली छापलेला गतीचा पहिला नियम याच विचारावर उभा आहे.

आता बोटीकडे या. इंजिनाचा पंखा पाणी मागे लोटतो, म्हणून बोटीला दाभोळकडे ढकलणारं बल मिळतं. पाण्याचा विरोध धोपाव्याकडे. बोट सुटते तेव्हा इंजिनाचा जोर जास्त, म्हणून वेग वाढतो. पण वेगाबरोबर पाण्याचा विरोधही वाढत जातो आणि एका वेगाला दोन्ही बलं सारखी होतात. बेरीज शून्य झाली की वेग वाढायचा थांबतो. बोट थांबत नाही हं! आहे त्या वेगाने चालत राहते. म्हणून तर धक्का बराच लांब असतानाच इंजिनाचा जोर कमी करावा लागतो, आणि बोटीत ट्रक, जीपगाड्या भरल्या असतील तर आणखी आधीपासून. जास्त वस्तुमान म्हणजे जास्त जडत्व, म्हणजे आहे त्याच गतीत राहण्याचा हट्ट जास्त. एसटीने ब्रेक मारला की आपण पुढे कलंडतो, ते उदाहरण तुमच्या पुस्तकात आहे. ते मी सोडून देतो.

दुसरा नियम म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, आणि त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. त्यासाठी नारळाच्या आगरात जाऊ. माडावर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, चढला की खालच्या पोरांना हाकलतात, ते उगाच नाही. वीस मीटर उंचीवरून सुटलेला नारळ दोन सेकंदांत जमिनीवर येतो. हवेचा विरोध सोडून द्या, गुरुत्वत्वरण दहा धरा. जमिनीला टेकताना वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. पण खरी गंमत पुढेच आहे. नारळ दीड किलोचा, त्याचं वजन १५ न्यूटन. मऊ मातीत तो पाच सेंटिमीटर दबून थांबला, तर थांबवणारं बल सरासरी ६००० न्यूटन भरतं. वजनाच्या चारशे पट! तोच नारळ जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, आपटून एका सेंटिमीटरात थांबला, तर ३०,००० न्यूटन. नारळ तोच, वेग तोच. थांबायला जागा कमी मिळाली की त्वरण वाढतं आणि बलही वाढतं. नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या जाड सालीचा, एक उपयोग इथे कळतो. ते दबतं, थांबायला जागा देतं, आणि आतली करवंटी बहुधा शाबूत राहते. सोललेला नारळ मात्र दगडावर एका फटक्यात फुटतो.

तिसऱ्या नियमावर माझं एकच गाऱ्हाणं आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध, हे सगळ्यांना पाठ असतं. ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, हे कुणी म्हणत नाही. मोकळ्या होडीतून धक्क्यावर उडी मारलीत की तुम्ही होडीला मागे ढकलता आणि होडी तुम्हाला पुढे. तुम्ही ४५ किलोचे, होडी ९० किलोची. तुम्ही सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे सुटलात, तर होडी एक मीटर वेगाने मागे. पाय होडीत रेंगाळला की माणूस पाण्यात! खलाशी आधी दोर बांधतो तो यासाठीच.

शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, पृथ्वी नारळाला ओढते, तर नारळ पृथ्वीला ओढतो का?" ओढतो, अगदी तेवढ्याच १५ न्यूटनने. पुष्कळांना वाटतं, नारळाच्या वजनाची प्रतिक्रिया म्हणजे जमिनीने त्याला वर रेटणं. तसं नाही. नारळ हवेत असताना जमीन त्याला शिवतही नाही, तरी वजन असतंच, आणि त्या वजनाची जोडी पृथ्वीवर असते. नारळ वीस मीटर खाली येतो तेवढ्यात पृथ्वीही वर सरकते. फक्त तिचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं इतके किलो आहे, त्यामुळे ते सरकणं एका प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कोट्यवधी पटींनी कमी भरतं. भागाकार घरी करून पाहा.